कातारी, केवडा आणि कापडाचे चाक

अंबरनाथ म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे शिलाहारांचे शिवालय आणि त्यावरचा शके ९८२ चा लेख उभा राहतो. त्यात वावगे काही नाही. ज्याने दगड घडविला त्याचे नाव त्या लेखात सापडो वा न सापडो, देवालय उभे आहे आणि आपल्या पायावर ते स्वतःची साक्ष देते. परंतु त्याच अंबरनाथात, रेल्वेच्या रुळांपलीकडे मोरिवलीच्या बाजूला, पत्र्याच्या छपरांखाली जे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे त्याची साक्ष कोणी द्यावयाची? तेथे शिलालेख नाही, ताम्रपट नाही, बखर नाही. भुसा झाडून काढला की कामाचा पुरावाही त्याबरोबर निघून जातो. आज आम्ही बोलणार आहो ते अशाच एका कामाविषयी. लाकूड कातून केलेला वाडगा शेवटी चकचकीत कसा होतो, त्यासाठी लागणारे साधन कोण करतो, आणि पूर्वी ते कोण करीत असे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लेथचा इतिहास लिहिला आहे तो मुख्यतः तो कोणत्या शक्तीने फिरतो याचा. आधी दोरी, मग पायटा, मग पाणचक्की, वाफ आणि वीज. ही परंपरा बरोबर आहे. पण अपुरी आहे. लेथवर बसणारी जी लहानसहान उपकरणे, त्यांचा इतिहास या क्रमात बसत नाही. कारण ती कोणत्याही कारखान्यातून आली नाहीत, कारागिराने ती स्वतः केली, वापरली, झिजली तेव्हा चुलीत घातली.

कातकाम आपल्याला नवे नाही. विष्णुपुराणात एक कथा आहे. सूर्याचे तेज त्याच्या पत्नीला, संज्ञेला, सोसवेना, तेव्हा विश्वकर्म्याने सूर्यालाच फिरत्या यंत्रावर चढविले आणि त्याचा आठवा भाग तासून काढला. त्या तासलेल्या तेजातून विष्णूचे चक्र झाले, शंकराचा त्रिशूळ झाला, कार्तिकेयाची शक्ती झाली. पुराणकथेला इतिहास समजू नये हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने ही कथा रचली त्याने कातारी काम करताना पाहिला होता यात आम्हाला शंका वाटत नाही. तासून निघालेल्या तुकड्यातून दुसरी कामाची वस्तू करावी ही बुद्धी देवांच्या दरबारातील नव्हे, कारागिराच्या ओट्यावरची आहे. पुराणाबाहेर पाहू गेल्यास ईजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यात, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस कोरलेले एक चित्र आहे. त्यात एक माणूस दोरी ओढतो आहे व दुसरा हत्यार धरतो आहे. लेथचे ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र म्हणून ते दाखविले जाते. दोरी ओढणारा मदतनीस आणि हत्यार धरणारा कसबी ही जोडी आपल्याकडच्या कातारकामातही दीर्घ काळ टिकली.

मराठीत या कारागिराला कातारी म्हणतात. सूतही कातायचे आणि लाकूडही कातायचे, हा योगायोग नुसता आपल्या भाषेचा नाही. संस्कृतातील ‘कर्तन’ या शब्दालाही कापणे आणि सूत काढणे असे दोन्ही अर्थ आहेत. बारा बलुतेदारांच्या रूढ यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाही. त्याचे कारण उघड आहे. नांगर मोडला तर सुतार त्याच दिवशी लागतो, लाटणे मोडले तर जत्रेपर्यंत थांबता येते. म्हणून कातारी गावाच्या धान्यावर जगला नाही. तो पेठेत आणि जत्रेत आपला माल विकून जगला. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे खूर आणि त्यावर टांगायचे चिमणाळे, बायकांचा कुंकवाचा करंडा हा त्याचा माल. बाजारात विकायचा म्हटल्यावर माल नुसता टिकाऊ असून भागत नाही, तो डोळ्यांत भरला पाहिजे. तकाकी हा कातारी धंद्याचा अलंकार नव्हे, पोटाचा प्रश्न होता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या स्वयंपाकघरातले मोठे लाकडी भांडे म्हणजे काठवट, आणि काठवट कातलेली नसते, वाकसाने कोरलेली असते. आत पोकळ आणि वरून गोल अशी कातलेली वस्तू आपल्याकडे होती ती करंडा. आजच्या कातलेल्या वाडग्याचा खरा पूर्वज हा करंडाच होय.

आता तकाकीची रीत पाहू. दोरीच्या लेथवर लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पटाशी फक्त पुढच्या फेरीत कापते, मागच्या फेरीत कारागीर ती किंचित मागे घेतो. म्हणजे अर्धा वेळ वायाच जातो. परंतु कापायला दिशा लागते, घासायला लागत नाही. म्हणून झिलई देताना दोन्ही फेऱ्या उपयोगी पडतात. रंग मिसळून केलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाने ऊब निर्माण होते, सुमारे ७५ अंश सेल्सियसला लाख वितळू लागते आणि लाकडावर उतरते. येथवर काम सोपे आहे. पण उतरलेली लाख सारखी नसते. कोठे जाड, कोठे पातळ, मधे मधे चरे. ती पसरवून एकजीव करायला असे काहीतरी हवे की जे लाखेला चिकटणार नाही, उष्णतेने जळणार नाही, गोलाईवर वाकेल आणि तरी दाब देईल. कापड चिकटते. चामडे लाख ओढून नेते. लोखंड ओरखडते.

यावर काढलेला तोड म्हणजे केवड्याचे पान. कोकणात सावंतवाडीला आणि कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेच्या खेळण्यांवर तकाकी आणण्यासाठी हे पान वापरीत आले आहेत. पान लांब, चिवट, त्याचे तंतू लांबीच्या दिशेने समांतर. कडेचे काटे काढून टाकायचे, हव्या त्या रुंदीची पट्टी फाडायची, आणि ती दुमडून फिरत्या वस्तूवर दाबायची. बारीक खाचेसाठी अरुंद पट्टी, मोठ्या गोलाईसाठी रुंद. हे आम्हाला साध्या अर्थाने लेथचे जोडउपकरण वाटते. ते कोणी विकत नाही, त्याला क्रमांक नाही, पण त्याच्यावाचून लाखेचा माल बाजारात उभा राहत नाही. कोणत्या कारागिराने पहिल्यांदा केवड्याचे पान उचलले हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्याआधी त्याने किती प्रकारची पाने वाया घालवली असतील याची कल्पना मात्र, ज्याने स्वतः लाखेवर हात भाजून घेतला आहे, त्याला करता येते.

सावंतवाडीची गोष्ट निघाली आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. तेथील चितारआळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील लाखकामाची आणि गंजिफांची कला अगदी विझत आली होती. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. या पुनरुज्जीवनाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण त्यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. गंजिफांची चित्रे जुन्या संचांवरून पुन्हा काढता येतात, नमुना समोर असतो. कातारकामातील पानाचा दाब मात्र कोणत्याही नमुन्यावर उमटलेला नसतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, नाहीतर जातच नाही. एक वृद्ध कारागीर वेळेवर भेटला म्हणून काही गोष्टी राहिल्या. जेथे असा कारागीर वेळेवर भेटला नाही तेथल्या किती गोष्टी गेल्या, त्याची मोजदाद नाही.

आता लेथ एकाच दिशेने, न थांबता फिरू लागल्यावर काय झाले ते पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस हेन्री मॉडस्ले याने लंडनमध्ये हत्यार धरणारा हातच लोखंडाचा केला, आणि धातू कातण्याच्या कामात क्रांती झाली, हे सर्वश्रुत आहे. पण तकाकीच्या बाबतीत क्रांती घडली ती निराळ्या ठिकाणी आणि फारसा गाजावाजा न होता. पूर्वी वस्तू फिरे आणि पान स्थिर असे. आता कापडाचे चाक फिरू लागले आणि वस्तू हातात आली. पितळेची भांडी, दिवे, गाड्यांचे सामान यांना चकाकी देण्यासाठी धातूच्या कारखान्यांनी ही रीत रूढ केली. तिलाच आपण बफ मारणे म्हणतो. मागेपुढे फिरणाऱ्या लेथवर हे शक्य नव्हते, कारण चाक उलट फिरताच त्याने हातातील वस्तू छातीवर फेकली असती.

लाकडी वाडगा करणाऱ्याला या उलटापालटीचा लाभ कोणता? वाडगा लेथवर असतो तेव्हा त्याचा तळ चकमध्ये अडकलेला असतो. तो उतरवल्यावर तळाला, बैठकीला, तकाकी द्यायची कशी? पान घेऊन बसले तरी वस्तू आता फिरत नाही. चाकच फिरत असेल तर वाडगा हातात धरून आत, बाहेर, तळाशी, कोठेही लावता येतो. म्हणून परदेशी हौशी कातकाम करणारे तीन चाकांचा संच वापरतात. पहिल्यावर ट्रिपोली नावाची बारीक मातीसारखी पूड मेणात बांधलेली, दुसऱ्यावर त्याहून बारीक पांढरी वडी आणि तिसऱ्यावर कार्नोबा मेण. हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात आणि ते ८० अंशांच्या थोडे वर वितळते. केवडा सोडून कारागीर कोठे गेला, तर सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका पानाकडे गेला, हे पाहून आम्हाला गंमत वाटली.

अंबरनाथात ही विद्या येण्याला भूमी तयार होती. १९२० नंतरच्या दशकात येथे विमको कंपनीचा काड्यापेटीचा कारखाना आला. काडीसाठी सावरीसारखे मऊ लाकूड लागते आणि ओंडका फिरवून त्याची सलग पापुद्र्यासारखी साल काढावी लागते. तोही एक प्रकारचा लेथच, पण गोल वस्तू करण्यासाठी नव्हे, गोल वस्तू संपविण्यासाठी. पुढे १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी येथे स्थापन झाली. संरक्षण खात्याचा हा कारखाना २०२१ साली आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. यंत्रे तयार करणारी यंत्रे हा ज्या गावाचा व्यवसाय, त्या गावात टर्नर हा शब्द घरोघरी कळतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर जी वसाहत वाढली तिच्यात मोरिवलीचे गाळे आले. मोठा कारखाना आपले यंत्र विकत आणतो, पण त्या यंत्राला लागणारा एखादा अडाप्टर, एखादी बुशी, एखादे वायसर ऐनवेळी या गाळ्यांतून करून घेतो. दोन ठिकाणी तयार झालेल्या दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या म्हणजे तिसरी वस्तू जागेवरच करावी लागते. हे मोरिवलीचे काम आहे, आणि आमच्या मते हेच केवड्याचे पान फाडणाऱ्या काताऱ्याचे काम होते.

आमची हौस अशी की आंब्याच्या आणि सागाच्या तुकड्यांचे वाडगे कातावेत. तकाकीचा तयार संच मागवावा तर आमच्या लेथचे आटे त्याच्याशी जुळेनात. शेजारच्या गाळ्यात एक निवृत्त टर्नर बसत असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. आमची अडचण ऐकून ते म्हणाले, “मास्तर, चाकाला पैसे कशाला घालता? चाक म्हणजे चिंधी. तुमचं अडलंय ते मधल्या दांडीवर.”

खरेच अडले होते ते दांडीवर. आमच्या लेथच्या स्पिंडलला दोन नंबरचा मोर्स टेपर होता. हा निमुळता खोबणीचा प्रकार अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६० नंतरच्या दशकात रूढ केला. त्याची मोठी बाजू साडेसतरा मिलिमीटरहून किंचित अधिक, आणि निमुळतेपणा सुमारे विसात एक. काकांनी शिसवीचा दांडा दोन टोकांमध्ये धरून हा टेपर लाकडातच कातून दिला. तो बसला की नाही हे पाहण्यासाठी त्यावर खडूची रेघ ओढायची, स्पिंडलमध्ये घालून किंचित फिरवायचा आणि रेघ कोठे पुसली ते पाहायचे. सबंध रेघ पुसली तर टेपर बरोबर. आम्हाला पाच वेळा करावे लागले. दांड्याच्या पुढच्या तोंडाला बारा मिलिमीटरचा बोल्ट पक्का केला, त्यावर दोन रुंद लाकडी तबकड्या, मधे कापड, आणि नट. काकांनी एवढ्यावर काम थांबवू दिले नाही. नुसता टेपर बाजूच्या धक्क्याने ढिला होतो, म्हणून दांड्याच्या मागच्या टोकात आटे पाडून, स्पिंडलच्या पोकळीतून लांब सळई घालून, पलीकडून नट आवळला पाहिजे असा त्यांचा आग्रह. आम्ही एकदा घाईत ती सळई वगळली. चाक दांड्यासकट निसटून गाळ्याच्या पत्र्यावर आदळले आणि पत्र्याला जो खळगा पडला तो पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखविण्याच्या कामी आला.

कापडाची कथा याहून लज्जास्पद आहे. उल्हासनगर हाकेच्या अंतरावर, जीन्स शिवण्यासाठी ते गाव प्रसिद्ध. तेथली जाड चिंधी मिळाली तर उत्तम, असे आम्ही ठरविले आणि एक पोतेभर कातरण घेऊन आलो. चाक झकास झाले. पहिलाच वाडगा आंब्याच्या फिकट लाकडाचा होता. दोन मिनिटांत त्याच्या काठावर निळसर झाक आली आणि ती लाकडाच्या रंध्रात अशी मुरली की पुन्हा कातल्यावाचून गेली नाही. नीळ घर्षणाने सुटते हे जीन्स घालणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असते. आम्हाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या चाकात कृत्रिम धाग्याचे मिश्रण निघाले. तो धागा ऊब लागताच मऊ पडून चाकाची कड काचेसारखी गुळगुळीत झाली आणि वडी तिला धरीना. तेव्हा शहाणपण सुचले. कोरा मांजरपाट आणला, गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढली, वाळवला. वीस सेंटिमीटर व्यासाचे चाळीस गोल कापले. प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा थोडा फिरवून ठेवला म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांची दिशा बदलत जाते आणि चाक एका बाजूने झिजत नाही. पहिल्या चाकाला मधून बाहेर चक्राकार शिवण घातली, ओळीत बोटभर अंतर ठेवून. शिवण जवळ जवळ घातली तर चाक कठीण होते, लांब घातली तर मऊ. दुसऱ्याला निम्म्या शिवणी आणि मेणाच्या चाकाला फक्त मध्याजवळ एक. हे तीन चाकांचे सारे रहस्य.

वाडग्याच्या आतल्या बाजूला सपाट चाक पोहोचत नाही. तेथे काकांनी भोवऱ्याची युक्ती काढली. लाकडाचा लहान गोळा कातायचा, त्यावर मांजरपाटाच्या गोल चकत्या, खाली मोठ्या वर लहान, मधोमध एकाच स्क्रूने आवळायच्या. फिरू लागल्या की त्या फुलतात आणि चेंडूसारखा आकार घेतात. साडेसात सेंटिमीटरच्या या चेंडूची कड मोठ्या चाकाच्या कडेपेक्षा पुष्कळ सावकाश धावते. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर वीस सेंटिमीटरच्या चाकाची कड सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी चोपन्न किलोमीटरच्या वेगाने जाते. चेंडूची कड मात्र पावणेसहा मीटरही गाठत नाही. म्हणून आत वेळ अधिक द्यावा लागतो, दाब अधिक देऊन उपयोग नाही. दाब दिला की मेण जमते आणि पट्टे उठतात.

हातातील वाडगा कोठे धरावा यालाही नियम आहे. चाकाची आपल्याकडची बाजू वरून खाली येत असावी आणि वाडगा मध्याच्या खाली लावावा. चाकाने काठावरून बाहेर जावे, काठावर चढून येऊ नये. चाक काठावर चढले की वाडगा हातात राहत नाही. आम्ही खाली जुनी गोधडी पसरून ठेवली आहे आणि तिने आतापर्यंत चार वाडगे वाचविले आहेत. ट्रिपोलीत वाळूचीच जात असल्याने नाकातोंडाला फडके बांधल्यावाचून चाक सुरू करू नये. जुने बफवाले याबाबत बेफिकीर राहिले आणि त्यांच्या खोकल्याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

हे सारे जमल्यावर एक शंका मनात राहिली. कापडाचे चाक केवड्याच्या पानाहून सरस आहे काय? आम्ही किनाऱ्याकडून पाने आणविली, काटे काढून सावलीत वाळविली आणि त्याच लेथवर लाखेचा एक लहान करंडा केला. पान हातात धरून बसल्यावर पहिल्यांदा कळले की ऊब बोटांना लागते. किती पसरली, कोठे जाड राहिली, केव्हा थांबावे, हे सारे त्या पट्टीतून बोटांना समजत होते. चाकावर ही खबर मिळत नाही. तेथे डोळ्यांनी पाहावे लागते, आणि डोळ्याला दिसेपर्यंत पट्टा उठलेला असतो. उलट वाडग्याच्या तळाला पान निरुपयोगी. लाखेला पान आणि मेणाला चाक, असा आमच्यापुरता निवाडा झाला. काकांना तो मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे, वाडग्याचा तळ कोण उलटा करून पाहतो?

आम्ही उलटा करून पाहतो. तीन चाके आणि तो कापडी चेंडू गाळ्यातल्या एकाच खुंटीवर टांगलेले असतात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची दोरी, म्हणजे ट्रिपोलीच्या चाकावर मेण चढू नये. शेजारच्या खिळ्याला केवड्याच्या पानांची जुडी आहे. तिच्यात आता तीनच पाने उरली आहेत.